फवारणीनंतरचा वारा

(मंडळाच्या गणेशोत्सवात संध्याकाळच्या कार्यक्रमात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे नीट करून.)



कार्यवाहांनी आम्हाला विषय दिला होता 'शुद्ध पाणी'. कारण उघड आहे. रसायनशास्त्राची पदविका घेऊन आम्ही सरकारी नोकरीला लागलो आणि वीस वर्षे पाणीच तपासत आलो. इथल्या निम्म्या घरांतून कधी ना कधी कोल्ड्रिंकच्या बाटलीत विहिरीचे पाणी आमच्याकडे आलेले आहे. पण आज पाण्यावर बोलणार नाही. हवेवर बोलायचे आहे, आणि त्याला कारण घडले ते गेल्या वर्षीच्या गणपतीत.

आमचे घर तुम्हाला माहीत आहे. गाव संपते तिथे आमची भिंत, आणि भिंतीपलीकडे बांध्या सुरू होतात. गणपतीचा पाचवा दिवस होता. हलका धान पोटरीवर आलेला, आठ दिवस पावसाने उघडीप दिलेली, आणि सगळीकडे तुडतुड्यांची ओरड. संध्याकाळी आरतीच्या वेळी खिडक्या उघड्या होत्या. आरती अर्ध्यात असताना वास आला. तो वास तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, थोडा घासलेटसारखा आणि थोडा सडक्या लसणासारखा. आईचे डोळे चुरचुरू लागले, धाकटी खोकू लागली. आम्ही खिडक्या लावल्या आणि आरती पुरी केली. भिंतीपलीकडे कोण फवारतो आहे हे बघायलाही गेलो नाही, कारण बघायची गरजच नव्हती. ती बांधी आमचीच आहे. अधियाने दिलेली आहे, पण सातबारा, इकडच्या भाषेत खसरा, आमच्याच नावाचा आहे. औषधाचे अर्धे पैसेही आम्हीच दिले होते.

साडेआठला अधियावाले काका दारात आले. फवारणारा त्यांचा पुतण्या धुऱ्यावर बसून ओकत होता. आम्ही गेलो तर तो म्हणतो, "काही नाही झालं भाऊ, जरासी चक्कर आली." तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, शर्ट पाठीकडून औषधाने ओला. घरातून कुणीतरी लिंबूपाणी आणले आणि आम्ही, रसायनशास्त्राचे पदविकाधारक, ते त्याला पाजले. तिथे करायची गोष्ट ती नव्हती. ओला शर्ट काढून साबणाने अंग धुवायचे आणि बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा, हे होते. अर्ध्या तासाने नेला. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. ॲट्रोपीन दिले. दोन रात्री ठेवून घेतले आणि तिसऱ्या दिवशी मुलगा घरी आला. देवाची कृपा.

त्या रात्री घरी आलो तर आई जागी होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तू पाण्यातलं एवढं बारीक बारीक मोजतोस. हे हवेतलं कोण मोजतो रे?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. वर्षभर वाचत होतो, विचारत होतो. जे हाती लागले ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, पाण्याच्या बाबतीत आपण तसे श्रीमंत आहोत. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आहे, आयएस १०५००. त्यात कीटकनाशकांची नावे घेऊन मर्यादा दिल्या आहेत. मोनोक्रोटोफॉस लिटरमागे १ मायक्रोग्रॅम, क्लोरपायरीफॉस ३० मायक्रोग्रॅम. भाजी, फळे, तांदूळ, दूध यांच्यातले अवशेष मोजायची केंद्र सरकारची योजना २००५-०६ पासून आहे. आणि हवा? १८ नोव्हेंबर २००९ ला देशाच्या हवेची जी मानके जाहीर झाली, त्यात बारा गोष्टी आहेत. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, दोन प्रकारची धूळ, ओझोन, शिसे, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, बेंझिन, बेंझोपायरीन, आर्सेनिक आणि निकेल. कारखाने आणि मोटारी डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही यादी आहे. शेतात फवारलेले एकही औषध तिच्यात नाही. म्हणजे धान पिकवणाऱ्या जिल्ह्यात हवा 'चांगली' आहे असा आकडा आला, तरी त्या आकड्याने आमच्या भिंतीपलीकडचे काही पाहिलेलेच नसते.

आम्ही सरकारी नोकर आहोत, बोलताना दोनदा विचार करतो. हे तक्रार म्हणून नाही, यादी वाचून दाखवली एवढेच.

दुसरी गोष्ट वासाची. आपण सगळे नाकावर भरवसा ठेवतो. वास गेला की औषध गेले. आम्हीही तेच समजत होतो. पण पुष्कळ औषधे ज्या तेलकट द्रावकात घोळलेली असतात, त्या द्रावकाचाच वास जास्त येतो. तो उडून गेला की नाक म्हणते झाले, संपले. औषध मात्र पानावर आणि बांधीच्या पाण्यावर शिल्लक असते. दुसऱ्या दिवशी ऊन तापले की त्याची हळूहळू वाफ होते. क्लोरपायरीफॉससारखे औषध पहिल्या एक-दोन दिवसांत असे बरेच हवेत जाते. फवारणारा घरी गेला, पंप धुऊन ठेवला, तरी बांधीचे काम चालूच असते. उलट काही औषधांना वासच नसतो.

आणि बाटलीवरचा त्रिकोण. लाल, पिवळा, निळा, हिरवा. १९७१ च्या नियमांनी तो आणला. त्यामागे १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे, आणि त्या कायद्यामागे १९५८ ची केरळातली घटना आहे. जहाजात पिठाच्या पोत्यांवर पॅराथिऑन सांडले आणि ते पीठ खाऊन शंभरावर माणसे गेली. तर तो त्रिकोण सांगतो की हे पोटात गेले किंवा कातडीला लागले तर किती विषारी. ते किती उडते, किती दिवस उडते, हे तो सांगत नाही. निळा त्रिकोण पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता मोजतात कसे? पाणी सोपे आहे. ते बाटलीत भरले की बसून राहते. हवा बसत नाही. बाटलीभर हवा आणली तर तिच्यात औषध इतके कमी असते की कुठल्याही यंत्राला दिसणार नाही. म्हणून हवा आणायची नाही, हवेतले औषध गाळून आणायचे. पेन्सिलएवढी काचेची नळी घेतात, तिच्यात रव्यासारखे पांढुरके मणी भरलेले असतात. लहान पंपाने त्या नळीतून हवा ओढायची, मिनिटाला दोन लिटर. चोवीस तासांत २,८८० लिटर, म्हणजे तीन घनमीटरला थोडी कमी. हवा निघून जाते आणि औषध मण्यांना चिकटून राहते. नळी माणसाच्या नाकाच्या उंचीवर, दीड मीटरवर बांधायची. उन्हाने औषध मोडू नये म्हणून तिच्यावर चांदीचा कागद गुंडाळायचा. काम झाले की बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायची. तिथे द्रावकाने मणी धुऊन तो रस गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रात घालतात. भाजीतले अवशेष ज्या यंत्रावर मोजतात, तेच यंत्र. उत्तर येते नॅनोग्रॅममध्ये. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम.

ऐकायला हे सोपे वाटते. आम्हाला मात्र आमच्या धंद्यातल्या खोड्या माहीत आहेत. पंप सुरुवातीला दोन लिटर ओढतो आणि रात्री वीज कमी-जास्त झाली की दीडवर येतो, म्हणून वेग आधीही बघायचा आणि नंतरही. एक नळी तशीच बंद ठेवून बरोबर न्यायची. तिच्यात औषध निघाले तर ते हवेतले नाही, आपल्या हातांचे. एका नळीत मुद्दाम ठरावीक औषध घालायचे आणि प्रयोगशाळेला ते पुरते परत सापडते का बघायचे. वारा कुठून होता हे दर तासाला लिहायचे. शेजारच्याने कोणते औषध, किती, कधी मारले हे विचारून ठेवायचे, आणि ते तो खरे सांगेलच असे नाही. यातले एक राहिले तरी आकडा भांडणात टिकत नाही. पाण्याच्या नमुन्यावरून दोन शेजारी आमच्या टेबलासमोर भांडलेले आम्ही पाहिले आहेत.

विजेशिवायही एक उपाय आहे. स्टीलच्या दोन वाडग्यांमध्ये फोमची चकती टांगून ठेवायची आणि काही आठवडे विसरून जायचे. २००६ च्या डिसेंबरपासून २००७ च्या मार्चपर्यंत दिल्ली, कोलकाता, मुंबई, चेन्नई, बंगळूर, गोवा आणि आग्रा इथे शास्त्रज्ञांनी अशा चकत्या टांगल्या होत्या. शेतीतून कधीच काढून टाकलेले डीडीटी आणि बीएचसी त्या हवेत सापडले. 

शेताच्या कडेला राहणाऱ्या साध्या माणसांनी स्वतः मोजल्याचेही उदाहरण आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिंडसे नावाचे गाव आहे. नागपूरच्या संत्र्याशी नाते सांगणाऱ्या आपल्या लोकांना ऐकून मौज वाटेल, त्या गावाभोवतीही संत्र्याच्या बागा आहेत. २००४ आणि २००५ साली तिथल्या लोकांनी आपापल्या अंगणात मघा सांगितले तसे पंप आणि नळ्या लावल्या. एका संस्थेने ते यंत्र स्वस्तात बनवून दिले होते, त्याचे नाव ड्रिफ्ट कॅचर. नळ्यांमध्ये क्लोरपायरीफॉस निघाले. पुढे अनेक वर्षांच्या भांडणानंतर त्या राज्याने २०२० च्या अखेरीस ते औषध शेतीतून बंद केले. फ्रान्सने तर सरकारी पातळीवर २०१८ च्या जूनपासून वर्षभर पन्नास ठिकाणी पंचाहत्तर पदार्थ हवेत शोधले. म्हणजे करायचे म्हटले तर करता येते.

आपल्याकडे आपण माणसावरून मोजतो. दुखले, पडला, गेला, की मग कळते. केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले. घरे आणि विहिरी त्याच डोंगरउतारावर. सर्वोच्च न्यायालयाने ते औषध देशभर थांबवले १३ मे २०११ ला. आणि जवळचे म्हणजे यवतमाळ. इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या सोयरिकी तिकडे आहेत. २०१७ चा सप्टेंबर-ऑक्टोबर. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलेली, आत वारा नाही, हातात जोराने फवारणारे मोटारीचे पंप. फवारा वर मारायचा आणि त्याच फवाऱ्यात पुढे चालायचे. एका यवतमाळ जिल्ह्यात विसाहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. नंतर काही औषधांवर थोड्या दिवसांची विक्रीबंदी आली. त्या कपाशीच्या आत हवेत नेमके किती औषध होते, हे त्या दिवसांत तिथे नळी बांधून कुणी मोजले असते, तर आज 'मास्क घाला' एवढ्यावर बोलणे संपले नसते.

आपण तर मध्य प्रदेशात राहतो. १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. भोपाळ आपल्या राजधानीचे गाव. १९८४ च्या डिसेंबरात तिथे जो वायू सुटला, तो कीटकनाशक बनवण्यासाठीच साठवलेला होता. तो अपघात होता, तो एका रात्रीचा होता, आणि त्याची आमच्या बांधीशी तुलना करणे चुकीचे होईल. आम्ही ती करत नाही. पण 'औषध' हा शब्द किती सैल आहे, हे त्यावरून कळते.

आता आमच्या घरच्या प्रयोगाचे सांगतो. हसू नका. या श्रावणात आम्ही काकांच्या पाठीवरच्या पंपात नुसते पाणी आणि कपड्यांची नीळ घातली. धुऱ्यापासून आमच्या भिंतीपर्यंत पाच, दहा, वीस आणि तीस पावलांवर बांबू रोवून त्यांना पांढरे कागद लावले. वारा आमच्या घराकडे होता, फार नाही, पान हलेल इतका. काकांनी नेहमीसारखे फवारले. पाच पावलांवरचा कागद निळा चिंब. दहावर ठिपकेच ठिपके. वीसवर एकोणीस मोजले. तीस पावलांवर, म्हणजे भिंतीला लागून, चार. काका बराच वेळ त्या चार ठिपक्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आम्हाला वाटे, पंपातून निघालं ते धानावरच गेलं."

हे फक्त थेंबांचे झाले. दुसऱ्या दिवशीच्या वाफेचा कागदावर डाग पडत नाही, तिला नळीच लागते. तरी चार ठिपक्यांनी आमच्या घरात जेवढे काम केले, तेवढे आमच्या वीस वर्षांच्या नोकरीने केले नव्हते. नोझल नवे घेतले. जुने इतके बारीक धुके उडवत होते की ते धानावर उतरायलाच तयार नव्हते. धुऱ्यावर बांबूला फडक्याची पट्टी बांधली. ती घराकडे किंवा रस्त्याकडे उडत असेल तर फवारा मारायचा नाही. काका आदल्या दिवशी निरोप देतात. भिंतीलगतच्या दोन ओळी फवाऱ्याविना सोडतात. धान थोडा कमी होईल, तो आमच्या वाट्यातून जाईल असे ठरले आहे.

एक गोष्ट आमचीही चुकली होती. आम्ही काकांना सांगितले होते, वारा पूर्ण पडल्यावर, तिन्हीसांजेला मारा. पुढे वाचनात आले की तीच वेळ वाईट. आकाश निरभ्र असेल तर संध्याकाळी जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर गरम हवा झाकणासारखी बसते. बारीक थेंब आणि वाफ वर जात नाहीत, आडवे पसरतात. चुलीचा धूर बघा. वैनगंगेकाठच्या गावांत संध्याकाळी तो पांघरुणासारखा बांध्यांवर पडून राहतो. धूर असा आडवा दिसला तर पंप उचलू नये. सकाळी थोडे ऊन चढल्यावर, मंद पण एका दिशेने वाहणारा वारा असताना मारलेले बरे.

आणखी एक नवे आले आहे, ड्रोन. देशभरात पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायची योजना आहे, आपल्या भागातही दिसू लागले आहेत. आम्ही त्याच्या विरोधात नाही. पाठीवरचा पंप गेला तर काकांचा पुतण्या त्या फवाऱ्यातून तरी चालणार नाही. पण ड्रोन थोड्या पाण्यात दाट औषध बारीक थेंबांनी आणि वरून मारतो. तीस पावलांवर चार ठिपके आमच्या साध्या पंपाचे होते. ड्रोनचे किती आणि किती लांब, हे पुढच्या वर्षी कागद लावून बघायचा विचार आहे. ड्रोन चालवणाऱ्या ताईंना विचारले, त्या हो म्हणाल्या. त्यांनाच जास्त उत्सुकता आहे.

इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांची थोडीफार जमीन आहे, आणि बहुतेकांनी ती अधियाने किंवा ठेक्याने दिलेली आहे. आपण चिन्नोर तांदूळ नागपूर-पुण्याच्या पाहुण्यांना कौतुकाने बांधून देतो. फवारा कोण मारतो, त्याच्याकडे हातमोजे आहेत का, हे आपण विचारत नाही. आम्हीही विचारत नव्हतो. म्हणून एकच काम सुचवतो. गावाच्या कडेला ज्यांच्या भिंती आणि बांध्या लागून आहेत, अशी चार-पाच घरे तयार झाली, तर नळ्या आणि पंप यांची चौकशी आम्ही करून ठेवली आहे. खर्च मंडळाच्या एका दिवसाच्या सजावटीएवढा येईल. मोजणी बाहेरच्या प्रयोगशाळेत करून घेऊ. आमच्या कार्यालयाचा त्याच्याशी संबंध राहणार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. आकडा आला तर तो आधी फवारणाऱ्यांना दाखवायचा, मग इतरांना. आणि पहिली नळी आमच्याच भिंतीवर, आमच्याच बांधीकडे तोंड करून लावायची. नाव द्यायचे असेल त्यांनी कार्यवाहांकडे द्यावे.

काकांचा पुतण्या आज इथे आला आहे, मागे उभा आहे. त्याला विचारायचे असेल तर विचारा. तो आमच्यापेक्षा चांगले सांगेल. आरतीची वेळ झाली, आम्ही थांबतो.